मागच्याची शीळ

“मी काय हमाल आहे का? ड्रायव्हर पाहिजे म्हणाले, म्हणून आलो. गाडी कुठे चालवतोय, गादीच चालवतोय.”

हे गादीच बोलतेय असं वाटावं. जिना इतका अरुंद की गादीखेरीज दुसरं काही दिसतच नव्हतं. खालच्या टोकाला ड्रायव्हर होता. वरच्या टोकाला किल्लीताई, गादी आणि भिंत यांच्यामध्ये वहीत फूल दाबावं तशी दाबलेली. फक्त फुलाला इतकी धाप लागत नाही.

“हळू बोला, दादा. चार माणसं ऐकतील.”

“ऐकू देत की. चार माणसांच्या घरात पाचवी गादी चाललीय, तेही ऐकू दे त्यांना.”

किल्लीताईच्याही मनात तेच घोळत होतं.

किल्लीताईला खरं नाव होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतंच. देश सोडून नेसत्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांना इथे बस्तान बसवून देणारं एक मदत केंद्र होतं, त्यात ती घरं लावायची. रिकामं घर मिळालं की पडदे, शेगडी, पातेली, गाद्या, सगळं जागच्या जागी ठेवायचं आणि छावणीतून माणसं आली की त्यांच्या हातात किल्ली द्यायची. तीही कधीकाळी अशीच आलेली, याच लोकांच्या मुलखातली, म्हणून त्यांची भाषा तिच्या तोंडात होती.

किल्ली द्यायची तिची एक पद्धत होती. केंद्रातले लोक तिला हसायचे, पण मोडायला कुणी धजत नसे. किल्ली ती घरातल्या सगळ्यात वडील बाईच्या हातात द्यायची. बाकी सगळ्यांनी बाहेर थांबायचं. बाईनं एकटीनं आत जायचं, आतून कडी घालायची आणि मनात येईल तेव्हा दार उघडायचं. जिच्या दाराला महिनोन्‌महिने दुसऱ्यानंच कड्या घातल्या, तिनं आधी आपल्या हातानं एक कडी घालून बघावी, एवढंच. काही जणी लगेच हसत दार उघडत. एकीनं इतका वेळ लावला की ड्रायव्हरची जिन्यातच डुलकी काढून झाली.

या घरातल्या आजींनी मात्र कडी घातलीच नव्हती. किल्ली घेतली, आत गेल्या, दार सताड उघडं टाकलं. “कडी घाला ना, आजी,” किल्लीताई म्हणाली, तर आतूनच म्हणाल्या, “मागचा घालेल.”

मागे त्यांचा थोरला मुलगा होता. त्यानं दार लोटलं होतं. आणि तरी किल्लीताईला तेव्हा वाटून गेलं होतं, की आजी थोरल्याबद्दल बोलत नव्हत्या.

आजही दार किलकिलं होतं. सून लगबगीनं बाहेर आली, हात पदराला पुसत.

“इथेच ठेवा, ताई. स्वयंपाकघराशी. आत नको न्यायला.”

“आधीची फाटली म्हणालीस ना? ती दे, परत नेते.”

“हो, ती… बघते मी. तुम्ही बसा, चहा टाकते.”

आतल्या खोलीचं दार बंद होतं. तिकडून आजींचा आवाज आला. “हं.”

मग शांतता. मग थोड्या वेळानं पुन्हा, “हं.” समोर कुणी गोष्ट सांगत बसावं आणि म्हातारीनं हुंकार भरत ऐकावं, तसं.

नात जमिनीवर पालथी पडून चित्राला रंग देत होती. मान वर न करता म्हणाली, “आजी काकाशी बोलतेय.”

“गप्प गं,” सून म्हणाली. “रंग भर तू.”

किल्लीताईनं मनात माणसं मोजली. घर दिलं ते चौघांना. आजी, थोरला, सून, नात. यात काका कुठून उपटला? तिला असं एक घर ठाऊक होतं, जिथे मायेपोटी सख्ख्या भावाला कपाटाआड दडवलं होतं आणि शेवटी दडलेला आणि दडवणारे, सगळेच छावणीत परत गेले होते. या शुक्रवारी इमारतीचे साहेब इथे पाहणीला येणार होते. माणसं मोजणार, शेगडी बघणार, सगळं ठीक असलं तर घर या कुटुंबाच्या नावावर होणार. नाहीतर पुन्हा छावणीतला पत्रा.

ती उठली.

“ताई, आत नका जाऊ. आई झोपल्यात.”

“झोपेत हुंकार भरतात होय?”

तिनं दार ढकललं. पडदा अर्धा ओढलेला. दुपारचा मळकट उजेड. खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून आजी बसलेल्या, दाराकडे पाठ करून. एका भिंतीशी त्यांची गादी, चादर चुरगळलेली. दुसऱ्या भिंतीशी आणखी एक गादी, तिच्यावरची चादर इस्त्री केल्यासारखी ताणलेली, पायथ्याशी घडी घातलेलं पांघरूण आणि त्यावर पुरुषी मोज्यांचा जोड. त्या गादीवर कधी कुणी टेकलंसुद्धा नव्हतं, हे सांगायला गाद्यांमध्ये जन्म काढावा लागत नाही.

दुसरं माणूस नव्हतं. किल्लीताईनं दाराआड पाहिलं. लाज सोडून कपाटही उघडलं. आत दोन साड्या आणि एक रिकामी पिशवी.

“टिव.”

आवाज डोक्यावरून आला. बारीक, तुटक, पाखरानं झोपेत काढावा तसा.

“हं,” आजी म्हणाल्या.

किल्लीताईनं वर पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. छताला पांढरी गोल डबी होती. धूर झाला की कोकलणारी. इथल्या प्रत्येक घरात ती असावीच लागते. आतला सेल उतरला की ती अशी मधूनमधून टिवटिवते. घर बरेच दिवस बंद होतं, सेल उतरला असणार. घर लावतानाच तिनं तो आवाज ऐकला होता, बदलू म्हणाली होती, आणि पडद्यांच्या गडबडीत ते राहून गेलं होतं.

तेवढ्यात ड्रायव्हरनं दारातून मुंडी आत घातली. “अरेच्चा, सेल गेलाय की याचा. एक शिडी आणली की…”

किल्लीताईचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं.

आजींनी मागे वळून पाहिलं नाही. “हळू बोल रे बाबा,” त्या म्हणाल्या. “दमलाय तो. लांबून येतोय.”

भांड्यात पडलेला जीव पुन्हा वर आला.

*

“आमच्या घरची रीत होती ती,” सून स्वयंपाकघरात सांगत होती. चहा कधीच उकळून गेला होता, तरी ती ढवळत होती. “आमचं शेत डोंगरापलीकडे. दिवेलागणीला सगळे ओळीनं परत यायचो. वाट एका पावलाची, दोन्हीकडे दरी. सगळ्यात पुढे आई, सगळ्यात मागे धाकटे भाऊजी. भाऊजींनी मधूनमधून शीळ घालायची. पुढच्यानं मागे वळायचं नाही, मागच्यानं शीळ थांबवायची नाही. शीळ आली की समजायचं, सगळे आहेत. चालत राहायचं.”

“आणि इकडे येताना?”

“तेव्हाही तसेच निघालो. धुकं असं की आपलाच हात आपल्याला परका वाटावा. पुढे आई, मग मी, हिला पाठीला बांधलेलं, मग हे, शेवटी भाऊजी. मागे गोळ्या झाडत होते. कुठे ते कळत नव्हतं, धुक्यात आवाज फिरतो. पण शीळ येत होती, ताई. शेवटपर्यंत येत होती. उजाडलं, सपाटीवर आलो, वळून पाहिलं, तर भाऊजी नाहीत.”

“मग?”

“हे म्हणाले, चुकामूक झाली. दुसऱ्या वाटेनं येईल.”

“आणि तुला काय वाटतं?”

सुनेनं गॅस बंद केला. “मला काही वाटत नाही. वाटून घ्यायचंच नाही मला.”

नात दारात येऊन उभी होती, हातात केशरी खडू. दोघी गप्प झाल्या. नात दोघींकडे बघून परत गेली. या घरात मोठ्यांनी गप्प व्हायचं आणि लहानांनी परत जायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं दिसत होतं.

सून आवाज खाली आणून बोलू लागली. छावणीत आजींनी अन्न सोडलं होतं. घास भरवला तर तोंडात धरून बसायच्या. डॉक्टरांनी सुई लावली, सुईही हिसकून काढली. या घरात आलो, पहिल्याच दुपारी छतातून तो आवाज आला. आजींनी मान वर केली. मग खुर्ची ओढून डबीखाली बसल्या आणि म्हणाल्या, वाढ मला. तेव्हापासून दोन्ही वेळ जेवतात.

“तो आवाज गेला तर काय होईल, सांगा,” सून म्हणाली. “मला तर त्या डबीकडे बघायचीही भीती वाटते. भाजी करपली तरी खिडक्या उघडत सुटते, तिला धूर लागू नये म्हणून.”

“आणि तुझा नवरा?”

“ते घरात असतात कुठे? कामाची एक पाळी संपली की दुसरी मागून घेतात. आत भाऊजींची गादी त्यांनीच अंथरली, त्यांच्या वाट्याची होती ती. स्वतः इथे फरशीवर झोपतात, कानात कापसाचे बोळे घालून. म्हणून मागितली तुमच्याकडे आणखी एक. फाटली म्हणून खोटं बोलले, चुकलं माझं.”

“गादीचं काय एवढं,” किल्लीताई म्हणाली.

चहा कडू झाला होता. दोघींनी तो तसाच प्यायला. आतून एकदा टिव झालं, एकदा हं झालं. सुनेच्या कपातला चहा हलला.

खाली गाडीत बसल्यावर ड्रायव्हरनं गाडी चालू केली. मग म्हणाला, “ताई, मला तो आवाज इथेही येतोय.”

“तो तुमचा इंडिकेटर आहे, दादा.”

“इंडिकेटर बंद आहे.”

तिनं काच वर केली. थंडी होती म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं.

*

त्या आवाजानं मग किल्लीताईची पाठच धरली. केंद्रात कुणाची खुर्ची करकरली, फोनमध्ये खरखर झाली, बशीवर चमचा पडला, की तिची मान वर जायची. एकदा तर सहकारीण काही सांगत असताना तिच्या तोंडून नुसतंच “हं” निघालं आणि अंगावर सर्रकन काटा आला. घरी गेल्यावर तिनं कडी घातली, मग उठून पुन्हा बघितली, मग आणखी एकदा. ही खोड तिची गेली होती इतक्या वर्षांत. तिला वाटत होतं की गेली होती.

शुक्रवार परवावर आला तेव्हा ती थोरल्याला गाठायला निघाली. घरी तो सापडेना, म्हणून जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास त्याच्या कामावरच गेली.

तो लाँड्रीत होता. तिकडे, आपल्या मुलखात, तो शिंपी होता. लग्नाचे पोशाख शिवायचा. इथे इस्पितळांच्या चादरी धुऊन येत, त्या यंत्रातून कडक होऊन निघत आणि हा त्यांच्या घड्या घालायचा. घडी मात्र शिंप्याचीच, काठाला काठ. यंत्रांचा धडधडाट एवढा की शेजारच्याला कानाशी ओरडून सांगावं लागे. हीच जागा त्यानं का धरून ठेवली असेल, ते किल्लीताईला दारातच कळलं.

“शुक्रवारी साहेब येणार,” ती ओरडली. “छतावरची डबी चालू लागते. बटण दाबून बघतात. नाही चालली तर घर तुमच्या नावावर व्हायचं नाही.”

“मग बदला की सेल,” तो ओरडला. हात चालूच.

“आजींना सांगायला हवं.”

“काय सांगायचं?”

आता आली का पंचाईत. “सेल बदलतोय म्हणून.”

“तेवढंच सांगा मग.”

तिनं चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून एक घडी घातली, मग आणखी एक. तिसऱ्या घडीला ती टोक घेऊन त्याच्या अगदी जवळ आली.

“तुम्ही त्याच्या पुढेच होता ना? शीळ थांबली ती तुम्हाला कळली असेल.”

“थांबली नाही.”

“अहो, पण तो मागे नव्हताच, तर…”

“थांबली नाही म्हणतोय ना, ताई! आई पुढे होती. शीळ थांबली असती तर ती वळली असती. ती वळली असती तर सगळेच तिथे… माझी पोरगी होती, बायको होती. मी ती थांबू दिली…”

सुट्टीची घंटा झाली आणि सगळी यंत्रं एकदम बंद पडली.

“…नाही!”

त्या भल्यामोठ्या शांततेत तो शब्द एकटाच घुमला. दूरवरच्या बायकांनी माना वळवून पाहिलं. भाषा त्यांना कळणारी नव्हती, पण आवाज कळला असावा, कारण त्या लगेच दुसरीकडे बघू लागल्या.

थोरल्यानं ओठ मिटले. सुकलेले, फुटलेले ओठ. मिटतानाही ते क्षणभर गोल झाले, शीळ घालण्यापूर्वी होतात तसे, आणि किल्लीताईला धुक्यातली ती वाट दिसली. मागून हाक नाही, पाऊल नाही. पुढे आई चाललेली. आणि मधला हा माणूस, भाऊ जिथे पडला तिथे पाठ करून, दर थोड्या वेळानं त्याच्या शिळेनं शीळ घालत, मैलोन्‌मैल.

“आईला सांगू नका,” तो हळू आवाजात म्हणाला.

“मी काय सांगणार? मला तरी तुम्ही कुठे काय सांगितलंत.”

त्यानं मान हलवली. तिनं चादर त्याच्या हातात दिली. त्यानं काठाला काठ जुळवला. न उच्चारलेला तो एक शब्द दोघांच्या मध्ये पडून राहिला आणि दोघंही त्याला वळसा घालून गेली.

*

“माझ्याकडे युक्ती आहे,” शुक्रवारी शिडी खांद्यावर घेऊन जिना चढताना ड्रायव्हर म्हणाला. आज त्यानं हमालीचा विषय काढला नव्हता. “साहेब येईपर्यंत नवा सेल घालू. त्यांनी बटण दाबलं, गेले, की जुना पुन्हा बसवू. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही.”

किल्लीताई पायरीवर थांबली. खोटं कशाला बोला, तिला मोह झाला. पुरता झाला.

“आणि घराला आग लागली म्हणजे? पोरगी झोपलेली असली म्हणजे?”

“हो, तेही आहे.”

“आणि दादा, तो जुना सेल तरी किती पुरणार? आज ना उद्या तोही मर…”

तिनं ओठ चावला. ड्रायव्हरनं शिडी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

दार किलकिलंच होतं. सुनेनं डोळ्यांनीच विचारलं, किल्लीताईनं डोळ्यांनीच सांगितलं. नातीला खडू देऊन शेजारणीकडे पाठवलं. आत आजी रोजच्या जागी, रोजच्या खुर्चीत. समोर जेवलेली थाळी, स्वच्छ पुसून खाल्लेली. त्या थाळीकडे बघून किल्लीताईच्या हातातला नवा सेल दगडासारखा जड झाला.

“आजी, छतावरच्या डबीचं जरा काम आहे. खुर्ची सरकवू का?”

“सरकव.”

एवढं सोपं होईल असं तिला वाटलं नव्हतं. आजी भिंतीशी बसल्या, त्या न वापरलेल्या गादीकडे तोंड करून. ड्रायव्हर शिडीवर चढला. डबी पिळून त्यानं खाली काढली, आणि त्याच्या हातात ती शेवटचं टिवली. तो शिडीवरून पडायचाच.

“हं,” आजी म्हणाल्या.

त्यानं जुना सेल उपटला.

मग खोलीत शांतता पसरली. घर बंद होतं तेव्हाही तो आवाज होता. या भिंतींनी अशी शांतता किती दिवसांत ऐकली नसेल. ड्रायव्हरला नवा सेल खाचेत बसवता येईना. त्यानं उलटा घातला, काढला, सुलटा घातला, तो निसटून खाली पडला आणि गडगडत गादीखाली गेला. कुणीच तो उचलायला वाकलं नाही. आजींची हनुवटी वर होती. त्या वाट बघत होत्या. सगळेच वाट बघत होते. सुनेनं तोंडावर पदर दाबला होता. आवाजाची वेळ आली आणि सरून गेली.

तेव्हा दारातून शीळ आली.

बारीक. तुटक.

थोरला चौकटीला टेकून उभा होता, अंगात लाँड्रीचा निळा डगला, कपाळावर घाम. धावत आला असावा. डोळे घट्ट मिटलेले, ओठ गोल. आजींकडून हुंकार आला नाही, तशी त्यानं पुन्हा घातली. या खेपेला शीळ मध्येच फाटली, नुसती हवा गेली.

“पुरे, थोरल्या,” आजी म्हणाल्या. अजून त्यांनी मागे पाहिलं नव्हतं. “दमलास.”

थोरल्यानं डोळे उघडले.

“तुला शीळ कधी धड आलीच नाही. पुढचा दात पडला तेव्हापासून निम्मी हवाच जाते. त्याची शेवटाला वर चढायची. काही विचारल्यासारखी.” आजी थांबल्या. “धुक्यातच कळलं मला. त्या मोठ्या खडकाच्या पुढे. तिथपर्यंत त्याची होती. तिथून पुढे तुझी.”

थोरल्याचा हात चौकटीवरून खाली घसरला. “मग… मग चालत का राहिलीस, आई?”

“तू शीळ घालत होतास ना. घालत होतास म्हणजे मी चालावं असं होतं तुझ्या मनात. मी वळले असते तर तू थांबला असतास. मग दोघंही गेले असते माझे.”

“आई, ही डबी…” सून म्हणाली.

“डबी आहे, ठाऊक आहे मला. म्हातारी झाले, खुळी नाही झाले. शेजारणीच्या घरी आहे तसलीच.” आजींनी गुडघ्यावरचा पदर सारखा केला. “छावणीत मी जेवत नव्हते, तर हा माझ्याकडे बघायचा. रोज. तोंडातून ब्र नाही, नुसता बघायचा. ह्याच्यासाठी तरी जेवावं म्हटलं, तर घास उतरेना. मागचा आला नाही आणि पुढचीनं ताट ओढून बसावं, हे कसं जमावं? निमित्त लागतं. या डबीनं दिलं. म्हटलं, थोरल्याला वाटू दे म्हातारीला खरं वाटतंय. तेवढीच त्याला झोप लागेल.” मग त्या जरा चिडक्या सुरात म्हणाल्या, “तर हा फरशीवर जाऊन झोपला, कानात बोळे घालून. गाढव कुठला.”

ड्रायव्हर शिडीवरच होता. त्याला वर थांबावं की खाली उतरावं ते कळेना, म्हणून तो तसाच डबी छातीशी धरून उभा राहिला.

आजी उठल्या. किल्लीताई हात द्यायला पुढे झाली, तो त्यांनी बाजूला केला. आधी त्या समोरच्या गादीशी गेल्या. ताणलेली चादर एका झटक्यात ओढली, मोजे उचलले आणि थोरल्याच्या हातात कोंबले. “घाल. फरशी गार असते.” मग त्याच्या शेजारून खोलीबाहेर गेल्या, हळूहळू, भिंतीला हात लावत, बाहेरच्या दारापर्यंत.

दार नेहमीसारखं किलकिलं होतं. फटीतून जिन्यातला गार वारा येत होता, फिनेलचा वास येत होता. आजी त्या फटीतून बाहेर बघत राहिल्या. जिना रिकामा होता. खालून कुणी येत नव्हतं.

त्यांनी दार लोटलं. कडी हाताला सापडायला जरा वेळ लागला, कारण तिला त्यांनी कधी हातच लावला नव्हता. मग ती बसली.

आणि तेव्हा कुठे आजी मागे वळल्या. सून होती, थोरला होता हातात मोजे घेऊन, किल्लीताई होती. एकेकाच्या चेहऱ्याकडे त्यांनी नीट पाहून घेतलं, मोजून घ्यावं तसं.

“माझा धाकटा मेला,” आजी म्हणाल्या.